वाक्यातले वाक्य: इंग्रजी नामवाक्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात विशेषणवाक्यांविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी नामवाक्यांकडे, म्हणजे शाळेत आपण ज्याला ‘नाउन क्लॉज’ म्हणतो त्याकडे वळलेली होती. वाक्यात एरवी जिथे एखादे नाम आले असते, तिथे स्वतःचा कर्ता आणि स्वतःचे क्रियापद असलेले अख्खे वाक्य येऊन बसले की ते नामवाक्य होते. ‘मला उत्तर माहीत आहे’ यातील ‘उत्तर’ हा शब्द काढून तिथे ‘ती कुठे गेली ते’ ठेवले की नामवाक्य तयार झाले. ही रचना मराठी माणूस दिवसभर बोलत असतो. म्हणूनच इंग्रजीत ती चुकते तेव्हा बहुतेक वेळा मराठीची सवय इंग्रजीत जशीच्या तशी उतरलेली असते, असे माझे मत आहे. आणि ती सवय कुठे मदतीला येते व कुठे आड येते हे नीट पाहिले, तर निम्मे काम होते. पुढील उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत. इंग्रजी उदाहरणे देवनागरीत आहेत. ती मनात न वाचता मोठ्याने म्हणावीत.

प्रश्न: बाई, मी बारावीत शिकते. ‘व्हेन’ किंवा ‘इफ’ने सुरू होणारे वाक्य दिसले की ते क्रियाविशेषणवाक्य समजायचे, असे मी पाठ केले होते. पण सराव प्रश्नपत्रिकेत ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ यातील ‘व्हेन’चे वाक्य नामवाक्य धरले होते. शिवाय त्यात ‘व्हेन’नंतर ‘विल’ आले होते, आणि तसे लिहायचे नसते असे आम्हाला सांगितले आहे. मग ओळखायचे कसे?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: वाक्याचा प्रकार त्याच्या पहिल्या शब्दावरून ठरत नाही, ते वाक्य कोणते काम करते यावरून ठरतो. ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘हू’, ‘इफ’ हे शब्द इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन कामे करतात, आणि गोंधळ तिथेच होतो. मराठीत मात्र ही कामे वेगवेगळ्या शब्दांत वाटून दिलेली आहेत, आणि त्याचा तुला फार चांगला उपयोग करून घेता येईल.

ही तीन वाक्ये पाहा. ‘आय रिमेंबर व्हेन ही केम’ म्हणजे ‘तो कधी आला ते मला आठवते’. ‘आय रिमेंबर द डे व्हेन ही केम’ म्हणजे ‘ज्या दिवशी तो आला तो दिवस मला आठवतो’. ‘आय वॉज कुकिंग व्हेन ही केम’ म्हणजे ‘जेव्हा तो आला तेव्हा मी स्वयंपाक करत होते’. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘व्हेन ही केम’ हेच तीन शब्द आहेत, मराठीत मात्र अनुक्रमे ‘कधी’, ‘ज्या दिवशी’ आणि ‘जेव्हा’ असे झाले. ‘क’ने सुरू होणारा प्रश्नार्थक शब्द, म्हणजे कधी, कुठे, कोण, काय, कसा, किती, का, यांपैकी एखादा मराठीत आपोआप आला, तर इंग्रजीतील ते वाक्य नामवाक्य आहे असे समजावे. ‘ज’ने सुरू होणारा शब्द आला, तर ते बहुधा विशेषणवाक्य किंवा क्रियाविशेषणवाक्य असते. ‘इफ’लाही हीच कसोटी लागू पडते. ‘पाऊस पडेल का ते सांगता येत नाही’ यात ‘का’ आले, म्हणून ‘आय कान्ट से इफ इट विल रेन’ यातील ‘इफ’चे वाक्य नामवाक्य, ‘पाऊस पडला तर सामना होणार नाही’ यात ‘तर’ आले, म्हणून ‘इफ इट रेन्स, द मॅच विल नॉट बी प्लेड’ यातील वाक्य संकेत दाखवणारे क्रियाविशेषणवाक्य.

तुझ्या ‘विल’च्या शंकेचे उत्तरही यातच आहे. ‘इफ’ किंवा ‘व्हेन’नंतर ‘विल’ वापरू नये हा नियम क्रियाविशेषणवाक्यांपुरता आहे, आणि शिकवताना एवढे सांगायचे नेहमी राहून जाते. ‘तो आला की मला सांग’ हे ‘टेल मी व्हेन ही कम्स’. पण ‘तो कधी येईल ते मला सांग’ हे ‘टेल मी व्हेन ही विल कम’. पहिल्यात निरोप तो आल्यानंतर द्यायचा आहे, दुसऱ्यात तो येण्याची वेळ आताच सांगायची आहे. एका ‘विल’ने एवढा फरक पडतो.

या कसोटीला एक मोठा अपवाद आहे, तोही आताच लक्षात ठेव. ‘तो जे म्हणाला ते खरे आहे’ यात मराठीत ‘ज’ आहे, तरी ‘व्हॉट ही सेड इज ट्रू’ यातील ‘व्हॉट ही सेड’ हे नामवाक्यच आहे. ‘ती गोष्ट, जी’ एवढे सगळे इंग्रजीने एकट्या ‘व्हॉट’मध्ये सामावून घेतले आहे, त्यामुळे त्या वाक्याने वर्णन करावे असे नाम बाहेर उरतच नाही. अशा वेळी दुसरी कसोटी लाव: पूर्ण उपवाक्य झाकून त्या जागी ‘इट’ किंवा ‘समथिंग’ ठेवून पाहा. ‘समथिंग इज ट्रू’ हे वाक्य बरोबर उभे राहते, म्हणून झाकलेला भाग नामवाक्य. ‘आय वॉज कुकिंग समथिंग’ हेही वाक्य होते खरे, पण त्यात ‘तो आला’ हा अर्थ उरत नाही. म्हणून कसोटी लावताना अर्थ सोडायचा नाही.

प्रश्न: मी बँकेत नोकरी करतो. ग्राहकांना पाठवायच्या पत्रात मी ‘प्लीज लेट अस नो व्हेन विल यू सबमिट द डॉक्युमेंट्स’ असे लिहिले होते. वरिष्ठांनी ‘विल यू’ खोडून ‘यू विल’ केले. प्रश्नात क्रियापद आधी येते हे तर आपण पाचवीपासून शिकतो. इथे ते का चालत नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्या वरिष्ठांची दुरुस्ती योग्य आहे. प्रश्न जोवर स्वतंत्रपणे उभा असतो, तोवरच इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात नाम होऊन गेला, की तो विधानासारखा लिहावा लागतो: आधी कर्ता, मग क्रियापद. ‘व्हेअर डझ ही लिव्ह?’ हा प्रश्न. ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज’ हे त्याचे नामवाक्य.

मराठी भाषकाकडून ही चूक इतक्या वेळा का होते, याचे कारण समजले तर ती टाळणे सोपे जाते. मराठीत ‘तो कुठे राहतो?’ हा प्रश्न, आणि ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ हे मिश्रवाक्य. प्रश्न पोटात गेला तरी ‘तो कुठे राहतो’ हा तुकडा तसाच्या तसा राहिला. आपल्या भाषेत प्रश्न आत जाताना काहीच बदलत नाही, त्यामुळे इंग्रजीत काही बदलायला हवे याची जाणीव आपल्याला आतून होत नाही. ती सरावानेच आणावी लागते.

बदल करताना ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. हे शब्द फक्त प्रश्न घडवण्यासाठी आलेले असतात, म्हणून प्रश्न आत गेला की ते निघून जातात. पण जाताना त्यांनी स्वतःकडे घेतलेले काळाचे आणि पुरुषाचे चिन्ह मूळ क्रियापदाला परत द्यावे लागते. ‘हाउ मच डझ इट कॉस्ट?’ याचे ‘कॅन यू टेल मी हाउ मच इट कॉस्ट्स?’ होते, ‘डझ’मधील ‘स’ ‘कॉस्ट’ला मिळाला. ‘व्हेअर डिड शी गो?’ याचे ‘नोबडी नोज व्हेअर शी वेन्ट’ होते. ‘डिड’मधील भूतकाळ ‘गो’ने घेतला. ‘व्हॉट इज हिज नेम?’ याचे ‘आय हॅव फरगॉटन व्हॉट हिज नेम इज’ होते. हे शेवटचे वाक्य सुरुवातीला कानाला अपुरे वाटते, कारण ‘इज’वर वाक्य संपवण्याची आपल्याला सवय नसते. ते मुद्दाम पुन्हा पुन्हा म्हणावे.

प्रश्नार्थक शब्द स्वतःच कर्ता असेल, तर काहीही हलवावे लागत नाही. ‘हू ब्रोक द विंडो?’ आणि ‘आय नो हू ब्रोक द विंडो’ यांत क्रम तोच राहतो, कारण तिथे कर्ता मुळातच क्रियापदाच्या आधी आहे.

पत्रव्यवहारात आणखी दोन खुणा सांभाळाव्यात. ‘आय वुड लाइक टू नो व्हेन यू विल सबमिट द डॉक्युमेंट्स’ याच्या शेवटी पूर्णविराम येतो, प्रश्नचिन्ह नाही. कारण मुख्य वाक्य विधान आहे. ‘कुड यू टेल अस व्हेन यू विल सबमिट देम?’ याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येते, कारण इथे मुख्य वाक्यच प्रश्न आहे. दुसरी खूण स्वल्पविरामाची. मराठीत ‘की’च्या आसपास स्वल्पविराम देण्याची अनेकांना सवय असते आणि तो इंग्रजीतही ‘दॅट’च्या आधी येऊन बसतो. ‘वी इन्फॉर्म यू दॅट युअर अकाउंट हॅज बीन क्लोज्ड’ यात ‘दॅट’च्या आधी किंवा नंतर स्वल्पविराम नको.

प्रश्न: माझी मुलगी ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असे लिहिते. चूक दाखवली की ती म्हणते, ‘तो म्हणाला की मी उद्या येतो, असेच तर आपण बोलतो.’ तिला कसे समजवावे?
— एक पालक, सांगली

उत्तर: मुलीचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि समजावण्याची सुरुवात त्याचे कौतुक करूनच करावी. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ या मराठी वाक्यात ‘की’नंतर आपण मूळ वक्त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो: त्याचा ‘मी’, त्याचा ‘उद्या’ आणि त्याचा वर्तमानकाळ. इंग्रजीत ‘दॅट’ आल्यावर सगळे सांगणाऱ्याच्या जागेवरून पाहावे लागते. ‘मी’ हा आता ‘तो’ होतो, ‘उद्या’चा ‘द नेक्स्ट डे’ होतो आणि ‘विल’चा ‘वुड’ होतो: ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. मुलीचे वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याला ‘तो म्हणाला, की मी, म्हणजे ही मुलगी, उद्या येणार आहे’ असे कळेल. एवढे दाखवले की पुरुषाची चूक सहसा सुटते.

काळ मात्र जास्त चिवट असतो, आणि तो फक्त ‘म्हणाला’पुरता नाही. ‘मला वाटले तू आजारी आहेस’ हे इंग्रजीत ‘आय थॉट यू वेअर इल’ होते. ‘मला वाटले तू आजारी होतास’ हे ‘आय थॉट यू हॅड बीन इल’ होते. ‘मला वाटले तू येशील’ हे ‘आय थॉट यू वुड कम’ होते. म्हणजे मुख्य क्रियापद भूतकाळी असेल, तर मराठी नामवाक्यातील ‘आहे’ला ‘वॉज’ किंवा ‘वेअर’, ‘होता’ला ‘हॅड बीन’ आणि ‘येईल’ला ‘वुड कम’ अशी जोडी लावायची. या तीन जोड्या घरातल्याच वाक्यांवर घोटून घ्याव्यात. जे कायमचे सत्य आहे, तिथे वर्तमानकाळ तसाच ठेवला तरी चालतो: ‘द टीचर सेड दॅट द अर्थ गोज राउंड द सन’. मुख्य क्रियापद वर्तमानकाळी असेल, तर आतला काळ बदलण्याचे काही कारण नाही.

प्रश्न: ‘इफ’ आणि ‘व्हेदर’ यांत फरक आहे का?
— एक वाचक, अकोला

उत्तर: ‘आस्क’, ‘नो’, ‘वंडर’ अशा क्रियापदांनंतर दोन्ही चालतात. वाक्याच्या आरंभी, शब्दयोगी अव्ययासारख्या ‘ऑन’, ‘अबाउट’ या शब्दांनंतर, ‘टू’ लागलेल्या क्रियापदाच्या आधी आणि ‘ऑर नॉट’ला चिकटून मात्र फक्त ‘व्हेदर’ येते: ‘व्हेदर ही अग्रीज इज अनदर मॅटर’, ‘इट डिपेन्ड्स ऑन व्हेदर ही अग्रीज’, ‘शी कान्ट डिसाइड व्हेदर टू गो’.

एक व्यवहारातली अडचण सांगण्यासारखी आहे. ‘लेट मी नो इफ यू आर कमिंग’ याचे दोन अर्थ होतात: ‘येणार की नाही ते कळवा’ आणि ‘येणार असाल तर कळवा’. पहिल्या अर्थाने वाचणारा नाही म्हणायलाही उत्तर पाठवील, दुसऱ्या अर्थाने वाचणारा गप्प राहील. दोन्ही बाजूंनी उत्तर हवे असेल, तिथे निमंत्रणात आणि कार्यालयीन पत्रात ‘व्हेदर’च लिहावे.

प्रश्न: ‘आय सजेस्टेड हिम टू टेक लीव्ह’ हे वाक्य चूक आहे असे प्रशिक्षणवर्गात सांगण्यात आले, पण ‘आय अ‍ॅडव्हाइज्ड हिम टू टेक लीव्ह’ बरोबर असल्याचे सांगितले. दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच असताना असे का? ‘डाउट’ या शब्दावरही आमच्यात वाद झाला.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर: इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाला आपापली रचना ठरलेली असते आणि अर्थ सारखा असला तरी रचना उसनी घेता येत नाही. ‘अ‍ॅडव्हाइज’, ‘टेल’, ‘आस्क’, ‘रिक्वेस्ट’ यांच्यानंतर माणूस आणि मग ‘टू’ येऊ शकते. ‘सजेस्ट’, ‘प्रपोज’, ‘डिमांड’, ‘इन्सिस्ट’ यांच्यानंतर नामवाक्य वापरावे: ‘आय सजेस्टेड दॅट ही टेक लीव्ह’. इथे ‘टेक’ला ‘स’ लागत नाही आणि भूतकाळही होत नाही. अमेरिकन इंग्रजीत हे मूळ रूपच रूढ आहे. ब्रिटिश वळणाच्या लेखनात ‘दॅट ही शुड टेक लीव्ह’ असेही सर्रास लिहितात, आणि आपल्याकडे दोन्ही चालावीत.

हे विचित्र दिसणारे रूप मराठी भाषकाला खरे तर सहज कळायला हवे, कारण आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र विध्यर्थ आहे. ‘त्याने रजा घ्यावी असे मी सुचवले’ यातील ‘घ्यावी’ आणि इंग्रजीतील ‘टेक’ एकच काम करतात: घटना घडली असे सांगत नाहीत, घडावी असे सांगतात. ‘इन्सिस्ट’ या क्रियापदावर ही कसोटी लावून पाहावी. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज इनोसन्ट’ म्हणजे ‘ती निर्दोष आहे असे त्याने ठासून सांगितले’. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी गो’ म्हणजे ‘तिने जावे असा त्याने आग्रह धरला’. मराठीत ‘-आवे’ आले, तर इंग्रजीत मूळ रूप. ते आले नाही, तर काळानुसार नेहमीचे रूप. नकारही असाच: ‘तिने जाऊ नये असे मी सुचवले’ हे ‘आय सजेस्टेड दॅट शी नॉट गो’.

‘डाउट’विषयी थोडे सावध राहावे. ‘मला शंका आहे की त्यानेच पैसे घेतले’ असे आपण बोलतो, तेव्हा त्याने घेतले असावेत असे आपल्याला वाटत असते. ‘आय डाउट दॅट ही टुक द मनी’ याचा अर्थ मात्र उलट, म्हणजे त्याने घेतले असतील असे वाटत नाही, असा होतो. आपल्याला हवे असलेले वाक्य ‘आय सस्पेक्ट दॅट ही टुक द मनी’ हे आहे. चौकशीच्या अहवालात असा शब्द चुकला तर एखाद्या माणसावर अन्याय होऊ शकतो, म्हणून हा फरक मी महत्त्वाचा मानते.

ओघात ‘से’ आणि ‘टेल’ यांचेही सांगून ठेवते. ‘टेल’ला ऐकणारा माणूस लागतो, ‘ही टोल्ड मी दॅट’. ‘से’ला तो थेट जोडता येत नाही, ‘ही सेड दॅट’. ‘मला’ या शब्दामुळे आपण ‘ही एक्स्प्लेन्ड मी दॅट’ असे लिहून जातो. तिथे ‘ही एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’ हवे.

प्रश्न: मी मराठी आणि कोंकणीतून इंग्रजीत अनुवाद करते. ‘याबद्दल’, ‘यावरून’ अशा शब्दांनी जोडलेली वाक्ये इंग्रजीत नेताना अडखळायला होते. ‘ही बातमी’ या रचनेतही ‘दॅट’ नामवाक्याचे की विशेषणवाक्याचे, हे कळत नाही.
— एक अनुवादिका, पणजी

उत्तर: मराठीत नामवाक्यानंतर ‘हे’ किंवा ‘ते’ येते आणि त्या सर्वनामाला हवा तो प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावता येते: हे, याला, याबद्दल, यावरून, यामुळे. ही फार मोठी सोय आहे. इंग्रजीत ‘दॅट’च्या वाक्याआधी ‘अबाउट’, ‘ऑफ’, ‘ऑन’ असा शब्द ठेवता येत नाही. तेव्हा दोनच मार्ग उरतात. एक तर तो शब्द सरळ गाळावा: ‘तो निर्दोष आहे याबद्दल मला शंका नाही’ याचे ‘आय हॅव नो डाउट दॅट ही इज इनोसन्ट’. किंवा मध्ये ‘द फॅक्ट’ असे नाम उभे करावे: ‘पगार वेळेवर मिळाला नाही यावरून ते भांडले’ याचे ‘दे क्वॉरल्ड ओव्हर द फॅक्ट दॅट द वेजेस वेअर नॉट पेड ऑन टाइम’. ‘व्हॉट’, ‘व्हेदर’, ‘हाउ’ यांच्या वाक्यांना हे बंधन नाही. ‘वी टॉक्ड अबाउट व्हॉट शी हॅड रिटन’ हे निर्दोष इंग्रजी आहे.

मराठीतील ‘हे’ नामवाक्याच्या मागे येते, इंग्रजीत त्याच कामाचे ‘इट’ पुढे येते, हेही अनुवाद करताना उपयोगी पडेल. ‘तो येणार हे नक्की आहे’ याचे ‘दॅट ही विल कम इज सर्टन’ असे करता येते, पण ते जड वाटते. ‘इट इज सर्टन दॅट ही विल कम’ हे सहज आहे. इंग्रजीला लांब कर्ता आरंभी नको असतो, म्हणून ती ‘इट’ला जागा धरायला बसवते आणि खरे नामवाक्य शेवटी नेते.

‘बातमी’चे उत्तर मराठीच देते. ‘तो निवडून आला ही बातमी’ यात बातमी काय आहे ते पूर्ण सांगितले आहे, म्हणून ‘द न्यूज दॅट ही वॉज इलेक्टेड’ यातील ‘दॅट’चे वाक्य नामवाक्य. ‘त्याने मला सांगितलेली बातमी’ यात बातमी कोणती एवढेच कळते, बातमीत काय आहे ते कळत नाही, म्हणून ‘द न्यूज दॅट ही टोल्ड मी’ यातील ‘दॅट’चे वाक्य विशेषणवाक्य. दुसऱ्या वाक्यात ‘दॅट’च्या जागी ‘विच’ चालते, पहिल्यात चालत नाही.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. नामवाक्ये ओळखा, अधोरेखित करा, प्रकार लिहा, एवढाच सराव पुस्तकांत असतो. मुले प्रकार बरोबर लिहितात, पण बोलताना आणि लिहिताना त्याच चुका करतात. काय करावे?
— एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर: महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते, आणि तरीही वरच्या वर्गांत मिश्रवाक्य बोलायची वेळ आली की मुले थबकतात, हे आपल्यासारख्या अनेक शिक्षकांचे दुःख आहे. माझे ठाम मत असे, की नामवाक्य आधी तोंडात बसावे आणि त्याचे नाव नंतर कळावे. परीक्षेत ओळखायला येते म्हणून ओळखण्याचा सराव सोडू नये. परंतु त्याला घडवण्याच्या सरावाच्या आधी ठेवू नये.

वर्गात तीन मुलांना उभे करावे. पहिल्याने दुसऱ्याला साधा प्रश्न विचारावा: ‘व्हेअर डझ द बस स्टॉप?’ तिसऱ्याने न ऐकल्याचे दाखवून ‘व्हॉट इज शी आस्किंग?’ असे विचारावे. दुसऱ्याने सांगावे: ‘शी इज आस्किंग व्हेअर द बस स्टॉप्स.’ मग शिक्षकाने ‘व्हॉट डिड शी आस्क?’ असे विचारले, की वर्गाने ‘शी आस्क्ड व्हेअर द बस स्टॉप्ड’ असे म्हणावे. शब्दांचा क्रम, ‘डझ’ची गच्छंती आणि काळाचा बदल, या तिन्ही गोष्टी एका खेळात येतात, आणि निरोप पोहोचवायचा असल्यामुळे वाक्याला कारणही असते. हा खेळ पाच-सात मिनिटांचाच ठेवावा, पण रोज घ्यावा.

वरच्या वर्गांसाठी मराठी वृत्तपत्र उत्तम साधन आहे. मराठी बातमीतील कितीतरी वाक्ये ‘असे त्यांनी सांगितले’, ‘असा आरोप त्यांनी केला’, ‘हे स्पष्ट झाले’ अशी संपतात. अशी दोन वाक्ये मुलांनी शोधावीत, त्यांतील मुख्य वाक्य आणि नामवाक्य वेगळे करावे आणि इंग्रजीत मुख्य वाक्य पुढे आणून लिहावे. नकाराकडे तेवढे लक्ष द्यावे: ‘तो येणार नाही असे मला वाटते’ याचे सहज इंग्रजी ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ असे होते, नकार आतून बाहेरच्या वाक्यात जातो.

सरावासाठी काही वाक्ये देते. आधी स्वतः इंग्रजी करून मगच खाली पाहावे.

१. ती कुणाशी बोलत होती ते मला ऐकू आले नाही.
२. पाणी कधी येईल हे नगरपालिकेने आम्हाला सांगितलेले नाही.
३. मला वाटले तुम्ही घरी आहात.
४. त्याला जे हवे होते ते मिळाले.
५. आईने आठवडाभर विश्रांती घ्यावी असे डॉक्टरांनी सुचवले.
६. परीक्षा पुढे ढकलली आहे ही बातमी खोटी आहे.
७. आम्ही जाणार की नाही हे मला रजा मिळते की नाही यावर अवलंबून आहे.
८. जो आधी येईल त्याला ही किल्ली द्या.

पहिल्याचे ‘आय कुड नॉट हिअर हू शी वॉज टॉकिंग टू’. इथे शेवटचे ‘टू’ गाळायची चूक फार होते, कारण मराठीतील ‘शी’ हा प्रत्यय ‘कुणा’लाच चिकटलेला असतो. दुसऱ्याचे ‘द म्युनिसिपॅलिटी हॅज नॉट टोल्ड अस व्हेन द वॉटर विल कम’; ‘व्हेन’नंतरचे ‘विल’ इथे हवेच. तिसऱ्याचे ‘आय थॉट यू वेअर अ‍ॅट होम’. चौथ्याचे ‘ही गॉट व्हॉट ही वॉन्टेड’. बरीच मुले ‘दॅट व्हॉट’ असे दोन शब्द लावतात, त्यांतील ‘दॅट’ नको. पाचव्याचे ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट मदर रेस्ट फॉर अ वीक’. सहाव्याचे ‘द न्यूज दॅट द एक्झाम हॅज बीन पोस्टपोन्ड इज फॉल्स’. सातव्याचे ‘व्हेदर वी गो डिपेन्ड्स ऑन व्हेदर आय गेट लीव्ह’. नामवाक्य असूनही ‘डिपेन्ड’च्या सोबतीला इंग्रजीत बहुधा साधा वर्तमानकाळच येतो. आठव्याचे ‘गिव्ह धिस की टू हूएव्हर कम्स फर्स्ट’. ‘टू’ आले म्हणून ‘हूमएव्हर’ लिहावे असे हुशार विद्यार्थ्यांना हमखास वाटते. परंतु ‘टू’चा संबंध पूर्ण नामवाक्याशी आहे, आणि त्या वाक्याच्या आत ‘कम्स’ला कर्ता हवा असल्यामुळे ‘हूएव्हर’ हेच रूप योग्य ठरते.